चौथ्या मजल्यावरचं खड्ड्यातलं स्वयंपाकघर

दहिवली, कर्जत
गुरुवार, दुपारची जेवणं झाल्यावर

आदरणीय भिवाजीदादा,

तुला झाकीर मिस्त्रीचा सलाम, सोनुवहिनींना सलाम, आणि नातवंडांना ज्याच्या त्याच्या उंचीप्रमाणे सलाम नाहीतर आशीर्वाद. आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे झोहरा खुशाल आहे. मी खुशाल आहे असं डॉक्टर म्हणतात, पण ते घाईत होते. तुझा डावा कान कसा आहे? आत सतत काँक्रीटचा मिक्सर फिरतो असं तू लिहिलं होतंस. मशीन मिळालं असेल तर कानात लाव, उशाशी ठेवून काही उपयोग नाही. फोन सोडून पत्र का लिहितो असं तुला वाटेल. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि माझं ओरडणं मात्र शेजारच्या तीन घरांना ऐकू येतं. ही हकीकत तीन घरांनी ऐकावी अशी नाही. (सातवीपर्यंतचं अक्षर आहे, गोड मानून घे.)

आमची नात लायबा तुला आठवत असेल. रसायनीला दिलेल्या आमच्या अल्मासची मोठी मुलगी. ती इंजिनिअर झाली आणि तिला शेलूला एका सात मजली इमारतीच्या कामावर नोकरी लागली. इथून जवळ पडतं म्हणून आमच्याकडेच राहते. सकाळी पांढरं हेल्मेट घेऊन निघते तेव्हा मी गल्लीच्या टोकापर्यंत उगाच सोबत जातो. लोक विचारतात, आणि विचारावं म्हणूनच मी जातो. आपण दोघांनी पन्नास वर्षं इंजिनिअर साहेबांसमोर उभं राहून मान हलवली, आणि आता साहेब आमच्या घरात भाकरी खातो. तर हा साहेब गेल्या महिन्यात अचानक भाकरी खाईना. दोन दिवस मी तब्येतीचा अंदाज घेतला, तिसऱ्या दिवशी मला स्वतःलाच ताप आल्यासारखं झालं. तेव्हा तिनं मला गच्चीवर नेऊन सांगितलं, नाना, माझं एक स्वयंपाकघर खड्ड्यात गेलं.

तुला समजावून सांगायची गरज नाही, पण सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. बाथरूमच्या जागी आपण स्लॅब फूटभर खाली घेतो, म्हणजे पाइप त्या खोलगटात बसतात आणि वरून फरशी सपाट येते. या इमारतीत डावीकडचा फ्लॅट म्हणजे उजवीकडच्याचा आरसा आहे. चौथ्या मजल्याचा स्लॅब भरताना लायबानं नकाशा बरोबर धरला, पण उजव्या फ्लॅटचा धरून डाव्यात उभी राहिली. त्यामुळे ४०३ नंबरच्या फ्लॅटात बाथरूमच्या जागी मैदान आणि स्वयंपाकघराच्या जागी हौद. माणसानं पोळ्या लाटायला खाली उतरायचं आणि अंघोळीला वर चढायचं.

तिला भीती होती ती घरत साहेबांची. घरत साहेब म्हणजे त्या कामावरचे मोठे इंजिनिअर, तिचे वरिष्ठ. जाड मिशी, दुखरे गुडघे, आणि आवाज असा की ते शेलूत ओरडले की नेरळच्या साइटवरचे गवंडी भराभर विटा लावायला लागतात. त्यांना कळलं तर नोकरी गेली आणि पहिल्याच नोकरीतून काढलेल्या मुलीला पुढे कोण उभं करणार, हा तिचा विचार. मी अनुभवी माणूस. मी म्हटलं, घाबरू नकोस, वर गोणपाट टाक आणि पाणी मार. नव्या स्लॅबवर पाणी मारतातच, कोणी उचलून बघत नाही. तिनं तसं केलं. आठ दिवस ती रोज तिथे पाणी मारत होती आणि मी घरी बसून रोज नवी काळजी काढत होतो. झोहराला कळलं तेव्हा ती म्हणाली, "पोरगी बुडतेय नि तुमी वरनं आनखी पानी वतायला सांगताय." मी तिला म्हटलं, तुला बांधकामातलं कळत नाही. (तिला कळतं, पण त्या क्षणी दुसरं उत्तर सुचलं नाही.) नवव्या दिवशी लायबानं इंग्रजीत राजीनामा लिहिला. सोमवारी देणार होती.

आता ती वाळूवाली कोंडी आठव. आपल्या कामांवर वाळू चाळायला डोंगरातल्या वाडीवरून यायची, चाळणीपेक्षा जीभ जास्त चालायची, ती. तिची मुलगी भाग्यश्री इंजिनिअर आहे आणि लायबाची मैत्रीण आहे. या परिसरातल्या बांधकामांवरच्या इंजिनिअर लोकांचं एक मित्रमंडळ आहे, भाग्यश्री त्याची कारभारीण. इमारतवाले, लिफ्टवाले, पंपवाले, सगळे त्यात येतात. महिन्याच्या एका शनिवारी संध्याकाळी बैठक, एकदा कर्जतला, एकदा खालापूरला. तिनं लायबाला सांगितलं, राजीनामा देण्याआधी एकदा आमच्यात येऊन बोल. मला वाटलं, पोरगी भर सभेत उभी राहून आपली चूक सांगणार, त्यातला कोणीतरी ती घरत साहेबांच्या कानावर घालणार, आणि उरलंसुरलंही मातीत जाणार. म्हणून मी सोबत निघालो. तिला सांगितलं, मुलीनं उशिरा एकटीनं परतू नये. खरा बेत असा की ती उठली की तिला खाली बसवायचं.

बैठक खालापूरच्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये होती. दारात प्रत्येकाला छातीवर लावायला एक चिकटपट्टी देत होते, तिच्यावर नाव आणि अनुभव लिहायचा. मी लिहिलं, झाकीर, ५२ वर्षे. आत बहुतेकांच्या छातीवर तीन वर्षे, सहा वर्षे असले आकडे. मी दिसलो की लोक वाट सोडून उभे राहायला लागले. कोणी खुर्ची दिली, कोणी आपलं कार्ड दिलं. पाऊण तासात माझ्या खिशात एकोणतीस कार्डं जमली. त्यांना वाटलं असणार, हे कोणी फार मोठे निवृत्त साहेब. मी गैरसमज दूर करणार होतो, पण खुर्ची मऊ होती.

तिथे माझी सवय आडवी आली. कुठल्याही नव्या जागी गेलो की नाण्यानं फरशी ठोकून बघितल्याशिवाय मला बसवत नाही, हे तुला माहीत आहे. (तुझ्या व्याह्यांकडे साखरपुड्यातसुद्धा मी ठोकली होती आणि तू मला उठवून बाहेर नेलं होतंस.) खुर्चीत बसल्या बसल्या मी वाकून दोन रुपयांचं नाणं आपटलं. पोकळ. पुढची फरशी, पोकळ. तेवढ्यात शेजारचा मुलगा गुडघ्यांवर आला आणि त्यानं किल्लीनं ठोकलं. मग आणखी तिघं. पाहता पाहता वीसबावीस शिकलेली माणसं हॉलभर रांगत टकटक करत होती आणि एकमेकांना आकडे सांगत होती. मंडळाचं उद्घाटन असंच होतं की काय, असं नव्या लोकांना वाटलं आणि तेही खाली बसले. हॉटेलचा मालक धावत वर आला. "काय हरवलं का साहेब?" असं म्हणून बिचारा टेबलाखाली शिरून शोधायला लागला. भाग्यश्रीनं त्याला पायाला धरून बाहेर काढलं आणि सांगितलं, "काय हरवलं नाय शेठ, तुमच्या सोळा फरश्या पोकळ हायत." त्याचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं. मी त्याला म्हटलं, सतरा.

या मंडळाचा नियम ऐक, असा नियम मी जन्मात ऐकला नव्हता. आपण काय काय बांधलं ते तिथे कोणी सांगायचं नाही. प्रत्येकानं आपली एक चूक सांगायची, आणि ती सांगितल्याशिवाय चहा मिळत नाही. चूक सांगून झाली की ज्याच्या ज्याच्या हातून तीच चूक झाली असेल त्यानं हात वर करायचा, आणि ती कशी निस्तरली ते सांगायचं. सांगणाऱ्याचं सांगून होईपर्यंत हसायला बंदी. आपल्या वेळी चूक झाली की आपण ती प्लास्टरखाली घालत होतो, आणि इथे ती माइकवर सांगत होते. नेरळच्या एका मुलानं गच्चीचं दार असं बसवलं होतं की ते उघडलं की जिना बंद. त्याला सहा हात मिळाले. एका लिफ्टवाल्यानं तारा अशा जोडल्या होत्या की तिसऱ्या मजल्यावर बटण दाबलं की पाचव्या मजल्यावरच्या बाईंच्या घरची बेल वाजायची. बाई दीड वर्ष उठून दार उघडत होत्या आणि शेजारणीवर संशय घेत होत्या. त्याला दोन हात मिळाले. (दोन लिफ्टवाल्यांनी हे केलं असेल तर आपण जिन्यानं गेलेलं बरं.) एका पंपवाल्यानं बागेचा नळ आगीच्या पंपाला जोडला होता. माळ्यानं पहिल्यांदा नळ सोडला तेव्हा गुलाबाची झाडं पलीकडच्या सोसायटीत गेली. ज्याला हात मिळत तो चहाचा कप घेऊन असा परत येई की जणू त्याला बक्षीस मिळालं.

भाग्यश्रीनं लायबाचं नाव पुकारलं आणि त्याच क्षणी जिन्यावरून, एक एक पायरी मोजत, घरत साहेब वर आले आणि मागच्या रांगेत बसले. लायबानं त्यांना बघितलं नाही, तिची पाठ होती. मी बघितलं. दादा, माझं काळीज थापीसारखं हातात आलं. ती माइकजवळ पोचायच्या आत मी उठलो आणि माइक धरला. भाग्यश्री म्हणाली, "बाबा, तुमचा नंबर नंतर हाय." मी म्हटलं, मला चहाची तलफ आली आहे आणि माझ्या वयाला थांबवत नाही.

आता चूक तर सांगायला हवी. डोकं रिकामं. तोंडात आली ती रसायनीजवळच्या त्या मास्तरांच्या बंगल्यावरची टाकी. (इथे जरा थांब आणि पाणी पी. रागावू नकोस, त्याच्यासाठी खाली जागा ठेवली आहे.) टाकीच्या चार भिंती उभ्या केल्या, आत टेकू लावले, फळ्या मारल्या, वर झाकणाचा स्लॅब भरला, सगळं साफ आणि सरळ. फक्त आत उतरायला माणसापुरतं भोक ठेवायचं राहिलं. टाकी चारी बाजूंनी बंद आणि फळ्या, टेकू सगळं आत. चौथ्या दिवशी मास्तरांनी विचारलं, माझी शिडी कुठे आहे, तेव्हा कळलं की शिडीही आत आहे. मी ही हकीकत लायबाला वाचवण्यासाठी लांबवायला घेतली, आणि मग दादा, मला मजा यायला लागली. समोर चाळीस इंजिनिअर, हसायची बंदी असल्यामुळे लाल झालेले. मी मास्तरांची नक्कल केली. मी टाकीवर कान लावून शिडीला हाक मारून दाखवली. अर्धा तास बोललो. शेवटी बारा हात वर आले. कोणीतरी विचारलं, मग फळ्या बाहेर काढल्या कशा? मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, ते पुढच्या बैठकीत. सगळ्यांना वाटलं मी उत्सुकता ताणतो आहे, टाळ्या पडल्या. चहात साखर होती. मी झोहराला सांगितलं नाही, तूही सांगू नकोस.

लायबाला खुणेनं शेजारी बसवलं आणि मी सुटकेचा श्वास सोडतो तोच घरत साहेब स्वतःहून पुढे आले. दोन वर्षांनी आले होते म्हणे, भाग्यश्रीनंही त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. मिशी खाली लोंबलेली. म्हणाले, "मी घरत. माजी चूक सलग भिंतीयेवडी हाय. माज्या हाताखाली एक पोरगी हाय, हुशार हाय. तिनं चौथ्याचा स्लॅब आरशात बघितल्यासारका भरला. पन भरायच्या आदी वर चढून तपासायचं काम माजं व्हतं. गुडघे दुखत व्हते, मी खाली खुर्चीत बसून कागदावर सही केली. तीन दिसांनी चढलो त सैपाकघरात तळं. आज नऊ दिस झाले, तिला सांगायचा धीर नाय. ती म्हनंल, येवडा मोठा साहेब, नि बघितलं बी नाय."

नियमाप्रमाणे भाग्यश्रीनं विचारलं, हीच चूक कोणाकडून झाली आहे? सात हात वर गेले. आणि माझ्या शेजारचा हात वर गेला. मी तो धरून खाली ओढला. तो पुन्हा वर गेला. मी पुन्हा ओढला. लायबा म्हणाली, "नाना, सोडा." तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, मी सोडला.

घरत साहेब माइकवरच बोलले, "पोरी, तू हितं?"

"सर, ते गोणपाट मी टाकलं होतं."

"मला ठाव हाय. तू घरी गेलीस का मी त्याच्यावर वाचमनकडनं पानी मारून घेत व्हतो."

म्हणजे दादा, नऊ दिवस हे दोघं एकाच खड्ड्याभोवती एकमेकांना चुकवून फिरत होते, सकाळी ही पाणी मारायची आणि संध्याकाळी ते. त्या हौदात इतकं पाणी झालं होतं की गवंडी त्यात हात-पाय धुऊन जेवायला बसत. साहेबांनी विचारलं, ही गोणपाटाची अक्कल कोनाची? लायबानं माझ्याकडे बोट केलं. बावन्न वर्षांच्या अनुभवाकडे चाळीस माणसांनी वळून बघितलं. इतका वेळ दाबलेलं हसू तेव्हा सुटलं, हॉटेलवाला पुन्हा धावत आला.

त्यानंतर त्या सात हातांनी लायबाला आणि साहेबांना एका टेबलावर बसवलं आणि कागदी रुमालांवर नकाशे काढले. खोलगट हलक्या विटांच्या चुऱ्यानं भरून घ्यायचा. वर आलेल्या बाथरूमचे पाइप खालच्या फ्लॅटच्या छताला टांगून न्यायचे आणि खाली दुसरं छत लावायचं. पण आधी इमारतीचा हिशेब ज्यानं केला त्या डिझाइनवाल्याची लेखी परवानगी घ्यायची, आणि मालकाला दोघांनी मिळून सांगायचं. एका वयस्क बाईंनी, चौतीस वर्षे अनुभव, सांगितलं की त्यांचा तर आख्खा मजला उलटा झाला होता आणि तिथली माणसं आज सुखानं राहताहेत. लायबा तेव्हा इतक्या दिवसांनंतर पहिल्यांदा बिस्किट खाताना दिसली. पाच खाल्ली. तिनं पर्समधून राजीनामा काढून साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढून तिच्यापुढे ठेवला. तोही राजीनामा. दोघांनी एकमेकांचे वाचले. साहेबांनी तिच्या इंग्रजीत दोन चुका काढल्या, तिनं त्यांच्यात पाच. मग भाग्यश्रीनं दोन्ही कागद घेऊन त्यांच्या पुड्या केल्या आणि उरलेला चिवडा वाटला.

रविवारी त्यातले सहा जण स्वतःची सुट्टी मोडून शेलूला आले. घरत साहेब चौथ्या मजल्यावर चढले, दोन तरुण इंजिनिअर दोन बाजूंनी धरून, वरातीतल्या नवऱ्यासारखे. सोमवारी दोघांनी मालकाला सांगितलं. मालक पंधरा मिनिटं ओरडले, मग पाणी प्यायले, मग म्हणाले, हातोडा मारायच्या आधी येऊन सांगितलंत हे बरं केलंत. डिझाइनवाल्याची परवानगी परवा आली. लायबाची नोकरी आहे. दर स्लॅबला आता ती आणि साहेब दोघं वर जातात, साहेबांसाठी मधल्या मजल्यावर एक खुर्ची ठेवली आहे. भाकरी पूर्ववत चालू आहे, उलट अर्धी वाढली. मी आता काळजी करायला दुसरा विषय शोधतो आहे.

तुझा कान आणि बाकी सर्व ठीक राहो, हीच अल्लाजवळ आणि तुझ्या देवाजवळ मागणी. जो आधी ऐकेल त्याचं भलं.

तुझा,
झाकीर

ता. क. आता रागावायची जागा. ती टाकी तुझी होती. भोक ठेवायचं तू विसरलास, मी नाही. त्या आठवड्यात माझी दाढ काढली होती आणि मी कामावर नव्हतो, म्हणूनच फळ्या आणि शिडी तू कशी बाहेर काढलीस ते मला माहीत नाही. तेव्हा विचारायला मी लाजलो, कारण तू कोणाशी बोलत नव्हतास. इकडे चाळीस इंजिनिअर फोनच्या ग्रुपवर रोज भांडताहेत. आतापर्यंत अकरा पद्धती निघाल्या आहेत, तीन रंगीत नकाशांसहित. एकानं मास्तरांना आत उतरवलं आहे. पुढची बैठक पंचवीस तारखेला आहे. तर कृपा करून उलट टपाली कळव. पत्र लिहिण्याचं खरं कारण हेच आहे, वर जे खुशालीबिशाली लिहिलं आहे तेही खरं आहे, पण मागाहून.

ता. क. २. लायबानं पाकीट बंद करायच्या आधी पत्र वाचलं. ती म्हणते, नाना, दुसऱ्याची चूक सांगून चहा प्यायलात, हे चालणार नाही, पंचवीसला उभं राहून स्वतःची सांगा. मी म्हटलं, माझी एकही नाही. तिनं पेन पुन्हा माझ्या हातात दिलं. मग मला आठवली. म्हणजे आठवलेली होतीच. तू फळ्यांचं कळवलं नाहीस तरी चालेल, पण हे वाच.

ता. क. ३. माणगावचं तुझं घर मी बांधलं तेव्हा स्वयंपाकाच्या ओट्याची उंची तू मला कागदावर लिहून दिली होतीस. तो कागद माझ्याकडून हरवला. पुन्हा विचारायची लाज वाटली, म्हणून मी झोहराला उभी करून तिच्या मापानं ओटा बांधला, आणि झोहरा सोनुवहिनींपेक्षा हातभर उंच आहे. वहिनी पहिल्या दिवशी म्हणाल्या, भावोजी, हा उंच झाला का? मी म्हटलं, मुंबईत आता असेच असतात. तेव्हापासून बावीस वर्षं त्या पाटावर उभ्या राहून स्वयंपाक करताहेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मुंबईचा ओटा म्हणून दाखवतात. मुंबईत असे नसतात, दादा. कुठेच नसतात. येत्या रविवारी मी आणि लायबा हातोडी घेऊन येतो आणि तो उतरवून देतो. या वेळी माप लायबा घेणार आहे, मी फक्त माती उचलणार. वहिनींना हे मोठ्यानं वाचून दाखव, पण वाचताना त्या पाटावर उभ्या नसतील एवढं बघ.